पाव इंच

गाडी आली ती ट्रेलरवर, ताडपत्रीखाली,
हिअरफर्डकडच्या कुठल्याशा कोठारातून.
मागच्या सीटवर कोंबडीचं जुनं घरटं,
अर्धं टरफल, आणि हूड म्हणजे नुसती चाळण.
मिस हॅडन म्हणाल्या, "अशा नऊच बनल्या होत्या.
उरल्या दोन. दुसरी चालते."

कॉव्हेन्ट्रीत, रेल्वेच्या कमानीखाली आमचं वर्कशॉप.
डोक्यावरून गाडी गेली की टाचण्यांचा डबा वाजतो.

पॉलिश पेपरने थर उतरवत गेले.
वर हिरवा, घराच्या दाराला लावतात तो, ब्रशने फासलेला;
त्याखाली किरमिजी, कुणाच्यातरी लग्नासाठी;
त्याखाली काळा, पहिल्या मालकाचा, डॉक्टरचा.
युद्धात पेट्रोल नव्हतं, सहा वर्षं विटांवर उभी होती,
चाकं पलंगाखाली लपवलेली.
आणि सगळ्यांत तळाशी साय.
नखाएवढीच जागा, सायीच्या रंगाची.
त्या दिवशी मी पुढे काही केलं नाही.

तक्रार एकच, अगदी पहिल्या पावसापासूनची:
शेजारी बसणाऱ्याचा डावा खांदा भिजतो.
डॉक्टरच्या बायकोने कारखान्याला पत्र लिहिलं,
कारखान्याने रबराची पट्टी पाठवली, शुभेच्छांसह.
दुसऱ्या मालकाने पुट्टी भरली.
तिसऱ्याने बायकोला मागे बसवलं.
मिस हॅडनची आई खांद्यावर टॉवेल घेऊन बसायची;
तोही सापडला, निळ्या काठांचा, डॅशबोर्डखाली.
गाडीवाले हूड शिवणाऱ्याला नावं ठेवायचे,
हूड शिवणारे गाडीला.
नाचता येईना, अंगण वाकडं.

मी शिकले बाबांच्या हाताखाली.
मिरजेत टांग्यांची छतं शिवायचे ते.
म्हणायचे, उभ्या टांग्याचं माप घेऊ नकोस,
उभा टांगा खोटं बोलतो.

तर, चुका उपटत होते.
गंजलेल्या, एकेक, पक्कडीने. खाली घोड्याचे केस,
तागाचं कापड, कुणाचीतरी हेअरपिन,
आणि मग ॲश लाकडाची चौकट, उघडी.
डाव्या पट्टीवर पेन्सिल. अक्षर शाळकरी, पुढे झुकलेलं:

*ही बाजू पाव इंच आखूड.
सांगितलं होतं त्यांना.
आयव्ही, मंगळवार.*

कुठला मंगळवार, ते नाही.

म्हणजे अंगण खरंच वाकडं होतं, बाई!
मी टेप लावली. पाव इंच. केसभरही इकडेतिकडे नाही.
ऐंशीहून जास्त वर्षं खांदे भिजत होते
आणि उत्तर चार बोटांवर, कापडाआड.

लेनी, आमचा सुतार, म्हणाला,
"पाव इंचाची चकती ठोकतो, दहा मिनिटांचं काम."
मी चहा संपवला. कप धुतला.
म्हटलं, नको. लाकडाला हात लावू नकोस.
मोहेअरचं कापड उलटं पसरलं,
डावीकडे पाव इंच कमी, तिरप्या खडूने,
वाकडीला वाकडंच माप.
कात्री चालवताना घाम फुटला, खोटं कशाला सांगू.
कापडाचा मीटरचा भाव मला पाठ होता.

मिस हॅडन डावीकडच्या सीटवर बसल्या, काचा वर करून.
लेनीने पाण्याची नळी धरली, वीस मिनिटं,
वरून, बाजूने, थोडी दुष्टपणानेही.
त्या उतरल्या. ब्लाउजचा डावा खांदा चाचपला.
पुन्हा चाचपला.
काही बोलल्या नाहीत. टॉवेल मात्र परत होता तिथेच ठेवला.

ऑगस्टात प्रदर्शन. परीक्षक गुडघ्यांवर बसून
चष्मा कपाळावर, फूटपट्टी हातात.
कागदावर लिहिलं: हुडाची मधली शिवण मध्यावर नाही,
दोन गुण वजा.
मिस हॅडननी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे.

पुढे कधी कुणी हे हूड काढील.
त्याच्यासाठी आयव्हीच्या ओळीखाली
मी माझी एक ओळ लिहून ठेवली आहे, मराठीत.
त्याला वाचता येणार नाही.
आकडा तेवढा इंग्रजीत घातलाय.